कर्मणी प्रयोग

एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचा मराठी विभाग पाहण्याचे काम आम्हा दोघांकडे आले आणि रासायनिक अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षातील प्रकल्पांचे मराठी गोषवारे लिहिणे ओघानेच आले. प्रकल्पाच्या बांधीव अहवालाला मुंबईकडची मुले 'ब्लॅक बुक' म्हणतात. काळा पुठ्ठा, सोनेरी अक्षरे, आत चौघांची नावे, मार्गदर्शकांचे प्रमाणपत्र आणि एकाच साच्यातले आभार.

एका गटाचा विषय होता वापरलेल्या खाद्यतेलापासून जैवडिझेल. कृती वरकरणी सोपी. तेलात मिथेनॉल आणि थोडा अल्कली घालून मिश्रण सुमारे ६० अंश सेल्सिअसवर तासभर ढवळायचे, मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळते, म्हणून तापमान त्याच्या आतच ठेवायचे. मग मिश्रण स्थिर ठेवले की जड ग्लिसरीन तळाशी बसते आणि वर जैवडिझेल राहते. पण वडे-भजी तळून काळवंडलेल्या तेलात मुक्त मेदाम्ले वाढलेली असतात. अल्कलीशी गाठ पडताच त्यांचा साबण होतो आणि थर वेगळे होण्याचे नाव घेत नाहीत.

अहवालात यातले काहीच नव्हते. इंग्रजी वाक्ये मराठीत आणताना आमच्या हाती लागले ते असे : तेल गाळण्यात आले, मिश्रण ढवळण्यात आले, उत्पादन मिळवण्यात आले. मराठीत 'प्रयोग' हा शब्द प्रयोगशाळेचाही आहे आणि व्याकरणाचाही. येथे दोन्ही कर्मणी झाले होते. कर्ता कोणीच नव्हता, त्यामुळे फसलेही कोणी नव्हते.

शंका आली म्हणून आम्ही कच्ची वही मागितली. गटातील मुलीने ती संकोचाने दिली. तेलकट डागांच्या त्या वहीत सारे होते : रात्री आठपर्यंत थर नाहीत, दह्यासारखा गोळा, दुसऱ्या दिवशी तेलाची आम्लता मोजली, मग आधी सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून मुक्त मेदाम्ले कमी केली आणि त्यानंतरच अल्कली घातला. वस्तुमानाचा जमाखर्चही वहीत जुळत नव्हता. काही साबणाबरोबर धुऊन गेले, काही भांड्याला चिकटले. अहवालात तो तंतोतंत जुळला होता! "परीक्षकांना असले आवडत नाही, असे सर म्हणाले," ती म्हणाली.

सरांचीही अडचण आम्ही जाणतो. अनेक गट, एकच प्रयोगशाळा, त्यात मुलांच्या नोकरीच्या मुलाखती. अमेरिकेतील एमआयटीने १९६९ साली पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाची योजना काढली. तीत पहिल्या वर्षापासून शिरता येते. आपल्याकडे बहुधा शेवटच्या वर्षातच सगळे उरकायचे असते. पण वेळ कमी म्हणून साबण लपवावा, हे आम्हाला पटत नाही. त्या मुलीने जे संशोधन केले ते साबण झाल्यानंतरच सुरू झाले होते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीत संशोधन प्रकल्प आणला आहे. उद्या मराठीचे विद्यार्थीही आमच्याकडे अहवाल घेऊन येतील, तेव्हा आम्हीही आधी कच्ची वही मागणार आहोत.

गोषवारा आम्ही कर्त्यासह लिहिला : 'आम्ही आम्लता न मोजता अल्कली घातला. साबण झाला.' तिने तो दोनदा वाचला. हरकत एवढीच घेतली, की तेल आपल्याच कॅन्टीनचे होते, हे वाक्य गाळता येईल का?