चित्रफितीची सनद

भाचा आमचा तेव्हा 19 वर्षांचा. गॅरेजात कामाला होता. 2022 च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी गाडी लावण्यावरून त्याची कुणाशी तरी बाचाबाची झाली आणि त्याला पोलीस ठाण्यात नेले. सकाळी सोडले तेव्हा डाव्या कानातून रक्त येत होते. न्हाणीघरात पाय घसरला, असे आम्हांला सांगण्यात आले. पोरगा काही बोलेना. आपा पदराआड रडत होती. आणि आम्ही, चार बुके शिकलेले म्हणून ज्यांच्याकडे सारे घर बघते ते, ठाण्याच्या छताकडे बघत उभे होतो. तिथे कॅमेरा होता.

तिसऱ्या दिवशी मोहल्ल्यात मोबाइलवर एक चित्रफीत फिरू लागली. वर्दीतला माणूस एका पोराला पट्ट्याने मारतो आहे, खाली आमच्या गावाचे नाव. नमाजनंतर मशिदीबाहेर माणसे जमली. खोटे कशाला बोला, आम्हीही ती दहा जणांना पाठवली. रात्री भाच्याला दाखवली. दोनदा बघून तो म्हणाला, "मामू, ये मैं नहीं. और ये अपना ठाणा भी नहीं."

दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, "ती चित्रफीत परराज्यातली आहे, जुनी आहे. तुम्हीच अफवा पसरवता." त्यांचे एवढे म्हणणे खरे होते. त्या एका खऱ्याखाली आमचे खरे दडपले गेले.

त्या रात्री आम्हांला मदरशातले मौलवीसाहेब आठवले. हदीस ऐकली की आधी विचारायचे: कुणी सांगितली, त्याने कुणाकडून ऐकली? या साखळीला सनद म्हणतात. एक कडी कच्ची निघाली की हदीस जईफ. बातमी आली तर आधी खातरजमा करा, अशी ताकीद तर सूरह हुजुरातमध्येच आहे. हे सारे आम्हांला पाठ होते. बोट मात्र पाठवण्याच्या बटणावर गेले.

कायद्यालाही सनदच लागते. आपल्या जालन्याचेच उदाहरण घ्या. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्ज मुदतीनंतर घेतले गेले की काय, हा वाद निवडणूक कार्यालयातल्या चित्रणावर येऊन ठेपला. जुलै 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले, की अशा चित्रणाची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर सोबत कायद्याचे प्रमाणपत्र हवेच. मात्र सगळे प्रयत्न करूनही अधिकारी ते देत नसतील, तर त्याचे खापर मागणाऱ्यावर फोडता येणार नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात या प्रमाणपत्रावर चित्रणाचा 'हॅश' लिहावा लागतो. तो त्या चित्रणाच्या अंगठ्याचा ठसाच समजा. एक क्षण जरी कापला तरी ठसा बदलतो.

पण मूळ चित्रणच हाती आले नाही तर सनद कशाची जोडायची? 2 डिसेंबर 2020 रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात आवाजासह कॅमेरे लावण्याचा आदेश दिला. दरवाजे, कोठडी, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या, काही सोडायचे नाही. चित्रण 18 महिने जपायचे, तशी सोय नसेल तर निदान एक वर्ष. आणि मानवी हक्कांचा भंग झाला असेल तर ते चित्रण राखून ठेवायला लावण्याचा पीडिताला हक्क आहे.

हे आम्हांला उशिरा कळले. आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज केला तो तीन आठवड्यांनी, तोही मोघम. महिन्याने उत्तर आले: साठवण क्षमता संपल्याने जुने चित्रण पुसले गेले आहे. अपील केले, तिथेही तेच उत्तर. 2025 च्या सप्टेंबरात ठाण्यांतल्या बंद कॅमेऱ्यांची दखल सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली, तेव्हा आमचे रडगाणे एकट्याचे नाही एवढे समजले.

ठाण्यातले सगळे चित्रण चव्हाट्यावर यावे, असे आमचे म्हणणे नाही. तिथे गाऱ्हाणे घेऊन आलेल्या बाईचाही चेहरा त्यात असतो. पण ज्याच्या अंगावर वळ आहेत त्याला ते मिळाले पाहिजे, आणि ते कापलेले नाही याची खात्रीही. म्हणून वाचकांना एवढेच सांगणे: वेळ आली तर पहिल्याच दिवशी सरकारी दवाखान्याचा कागद घ्या. तारीख, वेळ, कॅमेऱ्याची जागा लिहून, चित्रण राखून ठेवा असा अर्ज पोलीस अधीक्षकांना आणि मानवी हक्क आयोगाला द्या, पोच घ्या. माहिती अर्जात जीविताचा आणि स्वातंत्र्याचा प्रश्न असल्याचे लिहा. तो तसा असेल तर उत्तर 48 तासांत द्यावे लागते.

भाचा आता डाव्या कानाने ऐकत नाही. हाक मारली की मान वळवून उजवा कान पुढे करतो. परवा आम्ही त्याला कुठलीशी नवी चित्रफीत दाखवायला गेलो. बघण्याआधीच त्याने विचारले, "किसने निकाली, मामू? कब की है?"

आम्हांला सांगता आले नाही. आम्ही मोबाइल खिशात ठेवला.