बदलीचा खेळाडू

हॉकी म्हटले की आपल्या पिढीला मेजर ध्यानचंद आठवतात, मोकळे मैदान आठवते, रेडिओवरचे धावते समालोचन आठवते. मी आज ज्या हॉकीविषयी लिहिणार आहे ती बर्फावर खेळली जाते. कॅनडा आणि अमेरिकेची उत्तरेकडील थंड राज्ये हे तिचे माहेर. पायांत धारदार पात्यांचे बूट, हातात लांब काठी आणि चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती. तिला पक म्हणतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. बर्फावर एका वेळी प्रत्येक बाजूचे सहा जण, त्यांतला एक गोलरक्षक. एवढे समजले की पुरे. बाकीचे नियम मलाही नीट ठाऊक नाहीत आणि त्यावाचून आमचे काही अडलेही नाही.

या खेळातली एक गोष्ट मात्र घरातल्या आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांनी, आणि ती करवून घेणाऱ्यांनीही, मुद्दाम पाहावी अशी आहे. गोलरक्षक सोडला तर कोणताही खेळाडू बर्फावर सलग पाऊण मिनिटाहून फारसा अधिक राहत नाही. खेळ चालू असतानाच तो बाकाकडे येतो, कठड्याच्या आत शिरतो आणि त्याच क्षणी दुसरा बाहेर पडतो. जो मोहाने अधिक वेळ थांबतो त्याचे पाय जड होतात, आणि नेमका तेव्हाच प्रतिपक्ष निसटतो. अशा खेळाडूला कोणी शूर म्हणत नाही. प्रशिक्षक त्याला रागावतो. अदलाबदल करण्यातही शिस्त असते. जुना बाहेर येण्यापूर्वीच नवा खेळात उतरला तर दोन मिनिटे एक गडी कमी घेऊन खेळण्याची शिक्षा होते. जाणाऱ्याने वेळेवर जायचे आणि येणाऱ्याने त्याच्यासाठी जागा सोडायची, हे दोन्ही शिकावे लागते.

आमच्या घरात हा खेळ आला तो टाळेबंदीच्या काळात. माझे यजमान सोलापुरातील एका कापड गिरणीत पाळीचे मुकादम होते. २०१८ साली त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणे मोजक्या शब्दांवर आले. माझा पुतण्या न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात नोकरीस आहे. तिकडे संध्याकाळी सातला सामना सुरू झाला की हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात, आणि ती आमची औषधाची वेळ. "काकू, काकांना उठवलंच आहे तर बसवा समोर," असे म्हणून तो आपल्या संगणकाच्या पडद्यासमोर फोन धरून ठेवी. चित्र धूसर, आवाज तुटक. पण खेळाडू बाकाकडे वळताना दिसले की यजमान डावा हात उचलून म्हणत, "बदली!" गिरणीत गैरहजर कामगाराच्या जागी उभा राहणारा तो बदली कामगार. चाळीस वर्षे उच्चारलेला शब्द होता. तो जिभेवर शाबूत राहिला होता.

पुतण्या राहतो त्या भागात कॅन्टन नावाचे लहानसे गाव आहे. तेथील सेंट लॉरेन्स विद्यापीठाचा संघ आम्ही आमचा मानला, एवढ्याचसाठी की पुतण्या त्यांचा पाठीराखा. त्या संघाचा २०२०-२१ चा मोसम मला आजही तपशिलाने आठवतो.

त्याआधीचे थोडे सांगायला हवे. १२ मार्च २०२० रोजी अमेरिकेतील महाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धा एका घोषणेने रद्द झाल्या. त्या वेळी पुरुषांच्या आइस हॉकीत अव्वल क्रमांकावर कॉर्नेल विद्यापीठ होते. कॉर्नेलने यापूर्वीचे राष्ट्रीय विजेतेपद १९७० मध्ये, एकही सामना न हरता, २९ पैकी २९ जिंकून मिळवले होते. बरोबर पन्नास वर्षांनी पुन्हा तशी आशा दिसली आणि दार मिटले. पुढच्या वर्षीही ते उघडले नाही. कॉर्नेल ज्या आयव्ही लीग गटात आहे त्या गटाने नोव्हेंबर २०२० मध्ये हिवाळी खेळांचा संपूर्ण मोसमच रद्द केला. सेंट लॉरेन्स ज्या साखळीत खेळतो तिच्यात एकूण बारा महाविद्यालये. त्यांपैकी त्या वर्षी बर्फावर उतरली फक्त चार.

ही भीती अनाठायी नव्हती. जून २०२० मध्ये फ्लोरिडा राज्यातील टॅम्पा भागात हौशी खेळाडूंचा एक सामना झाला. त्यातील एकाला दुसऱ्या दिवशी ताप आला. सामन्याच्या वेळी तो अगदी ठणठणीत होता. पाच दिवसांत २२ खेळाडूंपैकी १४ जण आणि रिंकवरचा एक कर्मचारी आजारी पडला. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने याचा अहवाल प्रसिद्ध केला. बंदिस्त जागा, बर्फावर साचून राहणारी गार हवा आणि धापा टाकणारी माणसे, असा तो योग होता. आपण रुग्णाच्या खोलीची खिडकी वारा लागेल म्हणून घट्ट लावून घेतो आणि आत पाच-सहा जण विचारपूस करीत बसतो, तेव्हा मला त्या रिंकची आठवण होते. महामारी ओसरली तरी खोकला-सर्दीच्या दिवसांत भेटीला आलेल्यांसाठी खिडकी उघडी ठेवायला काय हरकत आहे?

तो मोसम रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळला गेला. कॅनडाची सरहद्द जवळ, पण ती मार्च २०२० पासून अनावश्यक प्रवासासाठी बंद. त्यामुळे कॅनडातून आलेल्या मुलांचे आईवडील आमच्यासारखेच पडद्यापुढे. वारंवार तपासण्या, एकाला लागण झाली की सामने पुढे ढकलणे, आज ठरलेले उद्या मोडणे. काळजीवाहकांना यात नवीन काही वाटणार नाही. आपलेही पंचांग औषधाच्या परिणामावर आणि रात्रीच्या झोपेवर चालते.

मार्च येईपर्यंत त्या चारांतूनही एक संघ गळाला. उरले तीन. सेंट लॉरेन्सने त्या मोसमात जिंकले कमी आणि गमावले अधिक. तरी उपांत्य सामन्यात त्यांनी कोलगेटला हरवले आणि २० मार्च २०२१ रोजी अंतिम सामन्यात बलाढ्य क्विनिपिऍकला जादा वेळेत ३-२ असे नमवले. वीस वर्षांनी साखळीचा चषक हाती आला, आणि त्याबरोबर राष्ट्रीय स्पर्धेतील जागाही. पुतण्या फोनवर लहान मुलासारखा ओरडत होता.

दुसऱ्या दिवशी बातमी आली की मुख्य प्रशिक्षकांची तपासणी सकारात्मक निघाली. संघाने राष्ट्रीय स्पर्धेतून माघार घेतली. ती जागा आदल्या दिवशी हरलेल्या क्विनिपिऍकला मिळाली.

मी यजमानांना हे सांगितले तेव्हा त्यांनी बराच वेळ डोळे मिटून घेतले. मला स्वतःला तो निकाल फार कठोर वाटला आणि आजही वाटतो. त्या विद्यापीठाने अन्य काही करायला हवे होते असे मात्र मी म्हणणार नाही. त्या मुलांपैकी किती जणांच्या शरीरात विषाणू होता, हे त्या दिवशी कोणालाच सांगता आले नसते. पुढे मिशिगन आणि नोत्र दाम हे दोन संघही त्याच स्पर्धेत सामना न खेळता बाहेर पडले.

अशी अपूर्णता या खेळाला नवी नाही. १९१९ मध्ये स्टॅन्ले चषकाची अंतिम मालिका सिएटल शहरात चालू असताना इन्फ्लुएंझाच्या साथीने माँट्रियलच्या खेळाडूंना गाठले. आपल्याकडे मानमोडी म्हणून जिच्या आठवणी आजी-पणजी सांगत, तीच ही साथ. मालिका बरोबरीत होती, निर्णायक सामना उरला होता, आणि उभे राहण्याइतकेही खेळाडू एका बाजूला नव्हते. सिएटलचे प्रशिक्षक पीट मुल्डून यांनी प्रतिपक्ष आजारी आहे म्हणून चषक घेण्यास नकार दिला. ५ एप्रिल रोजी माँट्रियलचा ज्यो हॉल रुग्णालयात मरण पावला. पुढे १९४८ मध्ये चषक नव्याने घडवला गेला तेव्हा त्यावर दोन्ही संघांची नावे कोरली आणि खाली लिहिले की मालिका पूर्ण झाली नाही. मला तो मजकूर फार सभ्य वाटतो.

आता घरची गोष्ट. आमच्याकडे दिवसा यजमानांच्या सेवेला एक मावशी येत. त्यांना कामावर ठेवताना आम्ही एक बोलणे स्पष्ट केले होते: घरात कोणी आजारी असेल तर येऊ नये, त्या दिवसांचा पगार कापला जाणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट आमच्या गल्लीपर्यंत आलेली असताना, सकाळी सहाला त्यांचा फोन आला. "बाई, पोराला रात्रीपासनं ताप हाय. मी येत न्हाई." फोन ठेवल्यावर मला क्षणभर रागच आला, कारण आदल्या रात्री मी तीन वेळा उठले होते. पाठोपाठ हायसे वाटले. आमचा लसीचा एकच डोस झाला होता. मावशी गप्प राहून आल्या असत्या तर?

मुलाची तपासणी सकारात्मक निघाली. मावशी सतरा दिवस आल्या नाहीत. त्यांच्या खरे बोलण्याचे श्रेय त्यांचेच. पण पोट हातावर असलेल्या माणसाला खरे बोलणे परवडेल अशी सोय मालकाने आधी करून ठेवावी लागते, हे मी आवर्जून सांगेन. अमेरिकेतही त्या वर्षी हिवाळी खेळांतील मुलांना खेळण्याच्या पात्रतेचे एक वर्ष वाढवून देण्यात आले होते. बाहेर बसल्याने सर्वस्व जाणार नाही अशी खात्री असली म्हणजे माणूस बाहेर बसायला तयार होतो.

त्या सतरा दिवसांत माझ्या धाकट्या जाऊबाई दुपारी चार तास बसत. त्या वरच्या मजल्यावर राहतात आणि साथीच्या काळात घराबाहेर पडत नव्हत्या. त्यांना मी महिन्यापूर्वीच शिकवून ठेवले होते: उठवताना लुळ्या हाताला धरून ओढायचे नाही, पाणी पाजताना पूर्ण ताठ बसवायचे, घोट गिळल्याखेरीज दुसरा द्यायचा नाही. पहिल्या दुपारी मी खोलीत घुटमळत राहिले. यजमानांनी डावा हात दाराकडे दाखवला आणि म्हणाले, "बदली." मी झोपायला गेले.

आपल्यापैकी पुष्कळ जण स्वतःला गोलरक्षक समजतात, म्हणजे साठही मिनिटे जागा न सोडणारा. त्यांच्यासाठी एक हकिकत सांगते. त्याच एप्रिलमध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचला आणि ऐन वेळी त्यांचा मुख्य गोलरक्षक फिलिप लिंडबर्ग बाधिताच्या संपर्कात आल्याच्या कारणाने बाहेर ठेवला गेला. मॅट मरे हा दुसरा गोलरक्षक जाळ्यापुढे उभा राहिला. समोर लागोपाठच्या दोन स्पर्धा जिंकलेला मिनेसोटा ड्युलुथचा संघ. सामना जादा वेळेत गेला आणि मॅसॅच्युसेट्सने ३-२ असा जिंकला. अंतिम सामन्याला लिंडबर्ग परतला, एकही गोल होऊ दिला नाही आणि विद्यापीठाला पहिले विजेतेपद मिळाले. मरे आधीपासून संघाबरोबर सराव करीत होता म्हणून हे जमले. आदल्या रात्री कोणालातरी शोधून आणले असते तर जमले नसते.

आमच्या स्वयंपाकघरातील कपाटाच्या दारावर आता एक कागद चिकटवलेला आहे. औषधांच्या वेळा, डॉक्टरांचा दूरध्वनी, चहा कोमट आणि बिनसाखरेचा, आणि खाली तीन नावे: मावशी, जाऊबाई आणि शेजारचा महाविद्यालयात जाणारा मुलगा. तो फक्त रविवारी सकाळी एक तास येतो आणि यजमानांशी बुद्धिबळ खेळतो. डाव्या हाताने प्यादे सरकवायला त्यांना वेळ लागतो. तो घाई करीत नाही. त्या तासात मी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने एक फेरी मारून येते. परवा आले तेव्हा डाव रंगात होता आणि दोघांपैकी कोणीही वर पाहिले नाही.