भागायचं कशानं?

लघवीतला क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचा अंश शोधणं, म्हणजे खरं तर शरीरानं त्याचं केलेलं टीसीपीवाय शोधणं, हे हात बसला की जमतं. अडतं ते पुढे. आलेल्या आकड्याला भागायचं कशानं?

माणूस दोन तांबे पाणी प्यायला की लघवी पातळ आणि आकडा खाली. पंप पाठीवर घेऊन उन्हात फिरला की दाट आणि आकडा वर. म्हणून क्रिएटिनिननं भागतो. पण क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. खुरपणीच्या काटक बाईच्या आणि भरल्या अंगाच्या गड्याच्या लघवीत सारखंच औषध उतरलं, तरी भागाकारानंतर बाईचा आकडा फुगतो. शिवाय शेतात आडोसा नाही म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत.

हे सगळं ठाऊक असूनही मी निवांत होते. गेल्या पावसाळ्यात हाताखालच्या मुलीनं बाद नमुन्यांची यादी पुढ्यात ठेवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार क्रिएटिनिन लिटरला ०.३ ग्रॅमच्या खाली किंवा ३ च्या वर गेलं की नमुना बाद. "मॅडम, वरच्या टोकाचे बघा. सगळे दुपारी फवारणारे." म्हणजे ज्याला घाम जास्त तोच मोजणीबाहेर! "पुन्हा नमुना मागव," मी म्हटलं. पण तोवर उशीर होतो: टीसीपीवाय साधारण २७ तासांत निम्मं होतं, आणि बर्फाची पेटी कात्रज चौकात अडकते ती वेगळीच.

कबूल करते, मला माणसांपेक्षा कॅलिब्रेशनच्या रेषेचं कौतुक जास्त. ०.९९९ आलं की तो कागद दिवसभर टेबलावर, येणाऱ्याला दिसेल असा. हल्ली बटण दाबून चार दशांश स्थळं देणाऱ्या प्रयोगशाळांना मी नावं ठेवते, पण हौस तीच.

हेवा वाटतो तो मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रवाल्यांचा. २०१० मध्ये युरोपनं क्लोरमेक्वाटपायी आपली द्राक्षं अडवली आणि केवढी धावपळ झाली. द्राक्षाला घाम येत नाही. किलोमागे मिलिग्रॅम लिहिलं की झालं. २०१७ मध्ये यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. त्यांतल्या किती जणांचं फवारणीआधीचं कोलिनेस्टरेज, म्हणजे अशा कीटकनाशकांनी घटणारं रक्तातलं विकर, कुणी नोंदलं असेल? ते माणसागणिक इतकं वेगळं असतं की आधीचा आकडा नसेल तर थोडी घट ओळखूच येत नाही.

आता आम्ही तीन आकडे देतो: लिटरमागे, क्रिएटिनिनमागे आणि विशिष्ट गुरुत्व धरून. पैसे देणाऱ्यांना एकच हवा असतो, यावरून दोनदा भांडले. बाद नमुनेही टाकत नाही. फ्रीजर भरत आलाय. विशिष्ट गुरुत्वानं सुटेल असं वाटलं होतं, पण तिथं साखर आडवी येते. मधुमेह्याची लघवी साखरेनंच जड. आमच्या फॉर्मवर मधुमेहाचा रकानाच नव्हता. मुलीनं पट्टी घेऊन तो पेननं आखला, आणि तिरका आखला म्हणून मी तिला परत आखायला लावला.