पंचवीस लाख

अमेरिकेत बंदुकीचा विषय निघाला की हे महाशय न बोलावता येतात आणि बैठकीच्या मधोमध बसतात. नाव पंचवीस लाख. दरवर्षी इतक्या वेळा अमेरिकन माणूस बंदूक दाखवून किंवा झाडून स्वतःला गुन्हेगारापासून वाचवतो, असं त्यांचं म्हणणं. बंदूकवाल्यांच्या गोटात त्यांना मोठा मान.

जन्म फ्लोरिडातल्या विद्यापीठातला. गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ या गुन्हेशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९९३ साली ४,९७७ जणांना फोनवर गाठून प्रश्न विचारले, निबंध १९९५ साली छापून आला. कुळाला नावं ठेवायला जागा नाही. बंदुकांचे कट्टर विरोधक असलेले गुन्हेशास्त्रज्ञ मार्विन वोल्फगँग यांनीसुद्धा त्या पद्धतीचं जाहीर कौतुक केलं होतं.

शरीर धिप्पाड, पण पाय बघावेत. त्या जवळजवळ पाच हजारांत ‘गेल्या वर्षभरात माझ्यावर अशी वेळ आली’ म्हणणारे साधारण ६६, म्हणजे शेकडा १.३३. त्याला तेव्हाच्या १९ कोटी प्रौढांनी गुणलं की पंचवीस लाख उभे राहतात. फोनवरच्या एकेका ‘हो’वर सुमारे ३८ हजारांचा भार. कुणी दोन वर्षांपूर्वीचा प्रसंग यंदाचा म्हणून सांगितला, कुणी अंगणातल्या खुडबुडीचा चोर केला, कुणाला पराक्रमाची हौस आली, की वाढले ३८ हजार.

हार्वर्डच्या डेव्हिड हेमेनवे यांनी १९९७ साली नेमकं इथेच बोट ठेवलं. घटना दुर्मीळ असली की चुका एका बाजूला झुकतात. खरंच बंदूक वापरलेले मूठभर, त्यामुळे खोटं ‘नाही’ म्हणू शकणारेही मूठभरच. खोटं ‘हो’ म्हणायला मात्र बाकीचा सगळा देश मोकळा. शंभरात एक जरी चुकला, तरी पाच हजारांत पन्नास होकार फुकटात पडतात. १९९४च्या एका जनमत चाचणीला हाच गुणाकार लावला, तर दहा लाखांहून जास्त अमेरिकनांची परग्रहावरच्या पाहुण्यांशी गाठ पडल्याचं निघतं, हे त्यांनीच दाखवलं.

हा दाखला गाजला. मला जखमींचा हिशेब जास्त बोचतो. फोनवरची उत्तरं खरी धरली तर या बंदुकांनी वर्षाला दोन लाखांवर गुन्हेगार जखमी किंवा ठार व्हायला हवेत. त्या काळात गोळी लागून रुग्णालयात येणारे सगळे मिळून लाखाच्या आसपास. बाकीचे घरीच हळद लावून पडले असावेत.

क्लेक यांचं उत्तर असं की लोक उलट लपवतात. विनापरवाना बंदूक बाळगणारा परक्या आवाजाला कशाला सांगेल? मुद्दा बिनतोड नसला तरी हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण पंचवीस लाखांचा एक सावत्र भाऊ सरकारी घरात वाढला आहे, तो फारच अबोल. गुन्ह्याला बळी पडलेल्यांची जी सरकारी राष्ट्रीय पाहणी चालते, तिथला तो; वर्षाला लाखाच्या आसपास. आधी तो विचारतो, तुमच्याबाबतीत गुन्हा घडला का? हो म्हटलंत तरच पुढची चौकशी, तीही थेट बंदुकीची नाही. चोर बंदूक पाहूनच पळाला आणि घरमालकाला वाटलं की काही घडलंच नाही, तर तो प्रसंग मोजणीतून निसटला. शिवाय विचारणाऱ्या सरकारी माणसाला घराचा पत्ता ठाऊक. तरीही पैज लावायची वेळ आली तर मी या अबोल भावाच्या जवळपास लावीन.

१९९४ साली आणखी एक फोन-पाहणी झाली. तिच्यातून बंदुकीने बचाव करणारे १५ लाख निघाले, आणि तो आकडा मांडणाऱ्या फिलिप कुक आणि येन्स लुडविग यांनी स्वतःच त्यावर विश्वास ठेवला नाही. उत्तरं देणाऱ्यांत एक बाई होत्या. वर्षभरात ५२ वेळा बंदुकीने बचाव केला म्हणाल्या.