झाकलेली खिरापत

सूर्य हस्त नक्षत्रात गेला की हादगा बसतो. कुठे त्यालाच भोंडला म्हणतात. पाटावर हत्ती काढायचा, भोवती मुलींनी फेर धरायचा, शेवटी डब्यात झाकलेली खिरापत ओळखायची. गाण्यांत देव थोडा, सासू-नणंदच जास्त. माहेरी जायची परवानगी मागणारी सून तर पुनःपुन्हा येते. तिचं दुःख आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांना कुणी समजावून सांगायला नको. लहानपणी शेजारच्या फेरात मीही असायचे. एकदा अम्मीनं खिरापतीला गुळाच्या शेवया करून दिल्या. त्या कुणालाच ओळखता आल्या नाहीत! आता मी उर्दू शाळेत शिकवते. माझ्या विद्यार्थिनींना ‘हादगा’ हा शब्द ठाऊक नाही, आणि रस्त्यापलीकडच्या मराठी शाळेतल्या मुलींना यांची नावं.