अ‍ॅबी रोडवरील एका दिवसाची तबकडी

लंडनच्या भुयारी रेल्वेवर सेंट जॉन्स वुड नावाचे एक स्टेशन आहे. मराठी मनुष्य तिथे उतरला की त्याचे पाय आपोआप लॉर्ड्सकडे वळतात. आपल्या दिलीप वेंगसरकरांनी १९७९, १९८२ आणि १९८६ अशा तिन्ही दौऱ्यांत जिथे कसोटी शतके ठोकली, ती हिरवळ न पाहता परतणे म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेत पाय न बुडवणे! पण स्टेशनाबाहेर जरा थांबून पाहावे. गाडीतून उतरलेली बरीचशी तरुण मंडळी क्रिकेटच्या वाटेला न जाता दुसराच रस्ता धरतात. तो रस्ता पाचेक मिनिटांत अ‍ॅबी रोडला पोचतो.

तिथे पाहण्यासारखे काय आहे म्हणाल, तर रस्ता ओलांडण्यासाठी रंगवलेले काळेपांढरे पट्टे. देशोदेशीची पोरे चौघाचौघांची रांग करून त्यांवरून चालतात, पाचवा छायाचित्र घेतो आणि खोळंबलेला मोटारवाला मनातल्या मनात काय म्हणत असेल ते त्याचे त्याला ठाऊक. ८ ऑगस्ट १९६९ रोजी बीटल्स या वाद्यवृंदातील चार तरुण असेच इथून चालले आणि ते चित्र त्यांच्या ‘अ‍ॅबी रोड’ या तबकडीच्या वेष्टनावर छापले गेले. आपल्याकडे किल्ल्यांना जसे सरकारी संरक्षण असते, तसे २०१० साली या पट्ट्यांना मिळाले!

पण हे चित्र शेवटाचे आहे. ते घेतल्यावर वर्ष पुरे होण्याआधीच चौघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. सुरुवात झाली ती पट्ट्यांपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या तीन नंबरच्या पांढऱ्या घरात. बाहेरून पाहावे तर एखाद्या खाऊनपिऊन सुखी डॉक्टराचे वाटावे असे हे घर. ग्रामोफोन कंपनीने ते घेऊन मागे ध्वनिमुद्रणाची दालने बांधली आणि नोव्हेंबर १९३१ मध्ये सर एडवर्ड एल्गार यांच्या हस्ते, म्हणजे त्यांच्या वाद्यवृंदसंचालनानेच, त्यांचे उद्घाटन झाले. कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेल्या ज्या तबकड्या आपल्या आजोबांच्या घरी वाजत, त्यांचीच ही कंपनी. तेव्हा घर अगदीच परके नव्हे!

११ फेब्रुवारी १९६३ च्या सोमवारी सकाळी हे चौघे दोन नंबरच्या दालनात शिरले. जॉन लेनन आणि रिंगो स्टार बावीस वर्षांचे, पॉल मॅकार्टनी विसांचा आणि जॉर्ज हॅरिसन तर अजून विशीतही न आलेला. वर्षापूर्वीच एका मोठ्या कंपनीने त्यांना नापास करून घरी पाठवले होते. पुढे जॉर्ज मार्टिन या निर्मात्याने त्यांना हाताशी धरले. दोन छोट्या तबकड्या निघाल्या, दुसरी चांगली खपली आणि आता लोकांच्या तोंडी नाव आहे तोवर मोठी तबकडी काढायची घाई झाली. मोठ्या तबकडीला चौदा गाणी हवीत. चार छोट्या तबकड्यांवर तयार होती. उरलेली दहा एका दिवसात उरकायची होती. मुले गावोगावच्या दौऱ्यावर होती, आणि त्या दौऱ्यातून काढून दिलेला हा एवढाच दिवस!

त्यातून जॉनला झालेले पडसे. घसा बसत चाललेला, चघळायला गोळ्या आणि प्यायला दूध. त्या काळचे यंत्रही साधे होते. फितीवर आवाज धरायला दोनच पट्टे, एकावर गाणे आणि दुसऱ्यावर वाद्ये. तेव्हा चुकले की बहुधा पुन्हा पहिल्यापासून. दुपारी मार्टिनसाहेब सहकाऱ्यांसह जेवायला गेले. परत येऊन पाहतात तो मुले दालनातच सराव करीत बसलेली.

हे त्यांना जमले कसे? लिव्हरपूलच्या कॅव्हर्न नावाच्या तळघरात ती दोनशेहून अधिक वेळा वाजवून आली होती. त्याआधी आणि मधूनमधून हॅम्बुर्गच्या रात्रशाळांत, म्हणजे दारूच्या गुत्त्यांत, पहाटेपर्यंत तासन् तास गात होती. आपल्या नाटक कंपनीतला नट गावोगावी रात्र रात्र गाऊन जसा तयार होई, तशीच ही तालीम. काम एका दिवसाचे दिसते. त्यामागे वर्षांचा हिशेब आहे. शिवाय चौदांपैकी आठ गाणी जॉन आणि पॉल यांनी स्वतः रचलेली. पद एकाचे, चाल दुसऱ्याची आणि गळा तिसऱ्याचा, ही रीत तिकडेही तेव्हा चालू होती. या पोरांनी ती मोडली.

रात्री दहाचा सुमार झाला. एक गाणे उरले होते, ‘ट्विस्ट अँड शाउट’. ते दुसऱ्यांचे होते, पण जॉन गाई तेव्हा जिवाच्या आकांताने ओरडून गाई. म्हणून तर मार्टिनने ते शेवटाला ठेवले. एकदा गायले की घसा संपणार, हे सर्वांना कळत होते. जॉनने गायले. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, पण आवाज उरलाच नव्हता. तबकडीवर आहे ते पहिलेच गायन. त्यातली खरखर पुसून काढली असती, तर गाण्याचा प्राणच गेला असता.

‘प्लीज प्लीज मी’ ही तबकडी २२ मार्च १९६३ ला बाजारात आली आणि इंग्लंडच्या यादीत तीस आठवडे पहिली राहिली. तिला खाली ओढले ते त्यांच्याच दुसऱ्या तबकडीने! पाच वर्षांनी, जानेवारी १९६८ मध्ये, जॉर्ज मुंबईत आला. एका चित्रपटाचे संगीत ध्वनिमुद्रित करायला त्याने कोटातला याच कंपनीचा स्टुडिओ धरला, आणि साथीला पंडित शिवकुमार शर्मांसारखे वादक बसले.

अ‍ॅबी रोडच्या घरात प्रवाशांना प्रवेश नाही. बाहेरच्या भिंतीवर सही करावी. ती लवकरच पुसली जाऊन वर नवा रंग बसतो. आपल्या मुलांना पट्ट्यांवर चालायचे तर खुशाल चालू द्यावे. पण मुक्कामी परतल्यावर ती पहिली तबकडी त्यांना आरंभापासून ऐकवावी, आणि शेवटच्या गाण्याला सांगावे: हा मुलगा दिवसभर गाऊन दमलेला आहे, घसा बसला आहे, आणि उद्याचा दिवस त्याला मिळणार नाही.