भागिले सत्तर

यांचं तेरावं झालं आणि मी कपाट उघडलं. माजिवड्याच्या या घरात राहायला आल्यापासून वरच्या कप्प्यात यांची लॉगबुकं रचलेली होती. प्रत्येक उड्डाण यांनी स्वतःच्या अक्षरात नोंदवलेलं. बेरीज चौदा हजार तासांच्या पुढे. त्याखाली पीपीओ सापडली, पेन्शनचा आदेश. महिना सुमारे तीन हजार रुपये.

कॅप्टनचा पगार लाखांत. काहीतरी चुकलं असेल म्हणून मी कागद घेऊन वागळे इस्टेटच्या भविष्य निधी कार्यालयात गेले. खिडकीतल्या मुलीने पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला.

१९९५ च्या पेन्शन योजनेचं सूत्र एकच: पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. उड्डाणाच्या तासांना त्यात जागा नाही, आणि पगारही मर्यादेपुरताच धरतात. हे सप्टेंबर १९९६ मध्ये नोकरीला लागले. ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या १८ वर्षांना ६,५०० रुपयांची मर्यादा: १,६७१. पुढे अठ्ठावन्न पूर्ण होईपर्यंतच्या ५ वर्षांना १५,००० ची: १,०७१. वीस वर्षांहून जास्त सेवा म्हणून दोन वर्षांची भर. झाले तीन हजारांच्या आसपास. यांनी अठ्ठावन्नाव्या वर्षीच पेन्शन सुरू केली होती. साठीपर्यंत थांबले असते, तर दरवर्षी चार टक्के वाढ मिळाली असती. पायलटला पासष्टीपर्यंत उडता येतं; हे तेव्हा उडतच होते, घाई कसलीच नव्हती. फक्त हा हिशेब आम्ही कधी केला नव्हता.

“आणि मला?”

“निम्मी, काकू.”

पेन्शन सुरू झाल्यावर माणूस गेला तर पत्नीला अर्धी; नोकरीत असताना गेला तर निदान त्या दिवशी त्याची जेवढी झाली असती तेवढी पूर्ण. माझ्या वाट्याला दीड हजार. यांच्या पेन्शनच्या अर्जावर, दहा-डी फॉर्मवर, आमचा जोडीचा फोटो होता, म्हणून काम लवकर झालं. आता वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा.

घर पीएफच्या रकमेवर आणि बँकेतल्या ठेवींवर चालतं. तरी ते दीड हजार खात्यात आले की मी पासबुक भरून आणते. यांच्या तेवीस वर्षांतलं दरमहा येणारं तेवढंच उरलंय.

परवा खालच्या मजल्यावरची सूनबाई आली. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी फर्स्ट ऑफिसर झाला. मी तिला समोर बसवलं. सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा नोकरीला लागलेल्याचा मूळ पगार पंधरा हजारांवर असेल, तर तो या पेन्शन योजनेत येतच नाही. कंपनीचा सगळा वाटा पीएफमध्ये जातो. म्हणजे तिला दीड हजारही नाहीत.

“त्याला विचार,” मी म्हटलं, “पीएफला वारस म्हणून कोणाचं नाव आहे? विमा किती? दरमहा येईल असं काय लावून ठेवलंय? मी यांना लँडिंग कसं झालं एवढंच विचारत आले.”

तिने तिथूनच फोन लावला.